दुसऱ्या फेरीतले कान

११ फेब्रुवारी

आज सरांनी आम्हा सगळ्यांना एकेक वही दिली. "संशोधनात जे लिहिलं नाही ते घडलंच नाही," ते म्हणाले. "रोज लिहायचं. जे दिसलं तेच. जे वाटलं ते घरी." सगळे हसले. मी मात्र घरी येताना दुकानातून ही दुसरी वही घेतली. जे वाटलं त्यालाही कुठेतरी जागा हवी.

आधी स्वतःविषयी. वय तेवीस. शाळा नववीत सुटली. चार वर्षांपूर्वी रुग्णालयात स्ट्रेचर ढकलायला लागलो, मग कान-नाक-घसा विभागात बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहू लागलो. एक दिवस सरांनी, म्हणजे विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी, एक बाटली उचलून विचारलं, "हे कुणी लिहिलं? इतकं शुद्ध तर माझे विद्यार्थीही लिहीत नाहीत." तेव्हापासून त्यांनी मला हाताशी धरलं. मुलांच्या ऐकण्याची चाचणी कशी घ्यायची ते त्यांनी स्वतः शिकवलं. तीन महिने, शेजारी खुर्ची टाकून. माझ्या वडिलांनीही मला इतका वेळ कधी काही शिकवलं नव्हतं.

काम असं. शांत खोलीच्या भिंतींना जाड स्पंज आणि दाराला रबर लावलेलं आहे. आत मूल हेडफोन लावून बसतं, शेजारी आयाबाई. त्यांना सगळे मावशी म्हणतात. बाहेर यंत्रावर मी. मधे काच. मी आवाज सोडतो. मुलाला तो ऐकू आला की त्याने हातातला ठोकळा डब्यात टाकायचा. मग आवाज कमी करायचा, आणखी कमी. ज्याच्याखाली ठोकळा पडत नाही ती त्या कानाची हद्द. चांगला कान वीस डेसिबलपर्यंत ऐकतो. काचेवर निळा पडदा असतो. त्याच्या कडेच्या दोन बोटं फटीतून मला मूल दिसतं, मुलाला मी दिसत नाही.

माझी पद्धत ठरलेली. कागदावर बारीक टिंब द्यायचं, श्वास रोखायचा, बटण दाबायचं, मान वर करून मुलाकडे पाहायचं. टिंब, श्वास, बटण, मान. यात एकही आवाज नोंदवायचा राहत नाही. सर म्हणतात, "घड्याळ आहेस तू."

चौसष्ट मुलं आहेत, चार ते सात वर्षांची. सगळ्यांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय. त्यांना नाकात मारायचा नवा फवारा सहा महिने द्यायचा. आता पहिली फेरी, औषधानंतर दुसरी. दोन्ही फेऱ्यांतला फरक म्हणजे औषधाचा गुण.

त्या चौसष्टांत आमची भिंगरीही आहे.

१३ फेब्रुवारी

भिंगरीची चाचणी झाली. भिंगरी म्हणजे माझ्या ताईची मुलगी, सव्वाचार वर्षांची. एका जागी दोन मिनिटं बसत नाही म्हणून हे नाव. मी ताईकडेच राहतो. भाऊजी मालवाहू गाडीवर असतात, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

दोन्ही कान पासष्टला थांबले. मी तीनदा तपासलं. त्याखाली ठोकळा हातात तसाच, आणि ती छताकडे बघत बसलेली.

सरांना आलेख दाखवला. ते म्हणाले, "पाणी आहे ना रे. पाण्यात बुडी मारल्यावर तुला तरी काय ऐकू येतं? औषधाने पाणी हटेल, कान मोकळे होतील."

ताईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "तू सांगतोस म्हणजे झालं. बाकीच्यांचं मला काही कळत नाही."

मला बरं वाटलं. हे वाटलेलं आहे, म्हणून इथे.

२ मार्च

फवारा मारताना भिंगरी लाथा झाडते. आज माझ्या चष्म्याची काडी मोडली.

बोलणं अजून तीन-चार शब्दांचंच. मामा, आई, नको, दे. मी काही सांगू लागलो की ती माझ्या मांडीवर उलटी बसते, नाकाला नाक लावून तोंडाकडे बघते. पाठमोरा बोललो की काम करत नाही, चांगली लबाड आहे. ताई म्हणते, मामाचाच लळा फार.

२० मे

वाचाबाई आज ताईला बाकावर गाठून बोलल्या. वाचाबाई म्हणजे उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवतात त्या. वयाने सरांएवढ्याच, कानाजवळ केस पांढरे, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांचं म्हणणं, भिंगरीला आताच कानाचं यंत्र लावावं आणि त्यांच्या वर्गात घालावं. एक जागा आहे. पाचच्या आत सुरू केलं तर वाचा येते, नंतर प्रत्येक महिना महागात पडतो.

मी सरांना विचारलं. ते हसले. "त्यांना प्रत्येक मूल बहिरं वाटतं. सुताराला जग म्हणजे लाकूड. दुसरी फेरी होऊ दे, मग ठरवू. मधेच यंत्र लावलंस तर ती संशोधनातून बाद होईल, ते वेगळंच."

ताईला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "तुझ्या मनाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "सर म्हणतात थांबू."

"मी सरांना नाही विचारलं."

"मलाही तसंच वाटतं."

मग तिने वाचाबाईंना ऑगस्टपर्यंत जागा धरून ठेवायची विनंती केली. त्या म्हणाल्या, ठेवते, पण पुढे नाही.

८ ऑगस्ट

दुसरी फेरी सुरू. पहिलाच मुलगा शांत खोलीत शिरला आणि जो भोकाड पसरला तो थांबेना. मावशींनी गोष्ट सांगितली, डबा वाजवला, स्वतःच्या डोक्यावर ठोकळे रचले. काही उपयोग नाही. त्याला त्या निळ्या पडद्याचीच भीती वाटत होती, पलीकडे कुणीतरी आहे पण दिसत नाही म्हणून.

सर आले, बघितलं आणि हाताने पडदा सरकवला. पोराला मी दिसलो. मी हात हलवला. तो थांबला.

"काढूनच टाका तो," सर म्हणाले. "पोरं याला ओळखतात. ओळखीचा चेहरा दिसला की बसतील."

मी म्हणालो, "सर, पहिल्या फेरीत होता."

"पहिल्या फेरीत तू परका होतास."

बरोबरच आहे. सरांनी दिलेल्या वहीत नोंद केली: 'पडदा काढला. सरांच्या सूचनेनुसार.' दिवसभरात पाच मुलं झाली, एकही रडलं नाही. काम किती सुखाचं झालं.

११ ऑगस्ट

आनंदाचा दिवस! भिंगरीचे दोन्ही कान वीसला आले. उजवा वीस, डावा वीस. सरांनी दुर्बिणीतून कान पाहिले. पाणी सुकलंय, पडदे मोत्यासारखे.

काय ऐटीत बसली होती! नजर माझ्यावरून हलवली नाही. ठोकळा कपाळाला लावून धरायची आणि आवाज आला रे आला की टप्पकन डब्यात. मावशी म्हणाल्या, "हे लेकरू तुला डोळ्यांनी खातंय. माझ्याकडे ढुंकून बघत नाही, मी काय मेले का!"

ताईला आलेख दाखवला तेव्हा तिने तो कागद पदराने पुसला, त्यावर काही पडलेलं नसताना. मग तिथेच बाकावर बसून रडली. भाऊजींना फोन लावला. ते गाडी चालवत होते, त्यांनी गाडी कडेला घेतली.

वाचाबाईंची जागा ताईने सोडली. मीच निरोप द्यायला गेलो. म्हणालो, "बाई, दोन्ही कान वीसला आलेत." त्यांनी आलेख हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"कुणी केली चाचणी?"

"मीच."

"पडदा लावून?"

"नाही. मुलं घाबरतात."

त्या उठल्या आणि तशाच सरांच्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा कानशिलं लाल होती. माझ्या बाजूने तशाच निघून गेल्या. जागा रिकामी राहिली म्हणून राग आला असेल.

१६ ऑगस्ट

वाचाबाईंची बदली दुसऱ्या इमारतीत झाली असं मावशी सांगतात.

२९ ऑगस्ट

चौसष्टपैकी एकसष्ट मुलं झाली. त्यातल्या अडतीसांचे कान सुधारले. सर परगावी मोठ्या सभेत हे मांडणार आहेत. मला म्हणाले, "तुझं नाव आभारात टाकतोय." नाव कसं लिहितात ते मी त्यांना लिहून दिलं, चूक नको म्हणून.

५ सप्टेंबर

आज मी भिंगरीला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

रस्त्यावर ती माझ्या पुढे पळत होती. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. मी ओरडलो, "बाजूला हो!" ती मजेत मधोमध. सायकलवाला ओरडला, ती तरी मधोमध. शेवटी तो भिंतीवर आदळला. पडल्यापडल्या म्हणाला, "बहिरी आहे का पोरगी?"

मी म्हणालो, "बहिरी नाही, हट्टी आहे. कान वीसला आहेत तिचे."

तो म्हणाला, "काय वीसला?"

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. सायकलवाला कुठून आला हेच तिला कळलेलं नव्हतं.

घरी आल्यावर ती खेळत असताना मी तिच्या मागे ताट आपटलं. वळली. मग तिच्या मागे उभा राहून नेहमीच्या आवाजात म्हणालो, "भिंगरी, बिस्किट." नाही. पुन्हा म्हणालो. नाही. समोर जाऊन ओठ हलवले, आवाज न काढता. ती धावत आली आणि तिने हात पुढे केला.

आलेख खोटं बोलत नाही. मी तीनदा तपासलंय. पण मग हे काय आहे?

९ सप्टेंबर

सरांना विचारलं. म्हणाले, "घरी चाचण्या घेऊ नकोस. घर म्हणजे शांत खोली नाही." हे पटलं. घरी नळ असतो, रस्ता असतो.

पण पटलं असं लिहून झालं आणि मी सुटीचा अर्ज लिहायला घेतला.

१६ सप्टेंबर

सुटी काढून वाचाबाईंकडे भिंगरीला घेऊन गेलो. ताईला सांगितलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सायकल, ताट, बिस्किट. मग म्हणाल्या, "तुझी चाचणी मला बघायची आहे. नेहमी घेतोस तशीच घे."

त्यांच्या इमारतीत जुनं यंत्र आहे, तशीच काच. भिंगरीला आत बसवलं. तिला केवढा आनंद झाला, डबा बघूनच टाळ्या वाजवल्या. वाचाबाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी सुरू केलं. चाळीस, टप्प. तीस, टप्प. वीस, टप्प. मी वाचाबाईंकडे वळलो. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यांनी खाली वाकून हेडफोनची वायर यंत्रातून उपसली आणि माझ्या हातात दिली.

"आता घे," म्हणाल्या.

"पण बाई, आवाज जाणारच नाही."

"घे. टिंब दे, बटण दाब, सगळं तसंच."

मी टिंब दिलं. श्वास रोखला. बटण दाबलं. मान वर केली.

टप्प.

पुन्हा केलं. टप्प. अकरा वेळा केलं. अकराही वेळा भिंगरीने ठोकळा टाकला आणि माझ्याकडे बघून हसली.

"आता मान वर करू नकोस," वाचाबाई म्हणाल्या. मी खाली मान घालून बटण दाबत राहिलो. काहीच पडलं नाही. थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. भिंगरी खुर्चीवरून उतरून काचेशी आली होती आणि मला बोलावत होती, मी खेळ का थांबवला म्हणून.

वाचाबाईंनी वायर जोडली, मला दाराबाहेर पाठवलं आणि स्वतः पडदा लावून चाचणी घेतली. साठ. दोन्ही कान साठ.

"पाण्याने कान चाळीसपर्यंत मंदावतो, त्यापुढे सहसा नाही," त्या म्हणाल्या. "हिची आतली नसच मंद आहे. पाणी वरून आलं आणि गेलं. ही मुलं डोळ्यांनी ऐकतात रे. तू मान वर करतोस, श्वास घेतोस तेव्हा खांदे उचलले जातात. दुसऱ्या कुणी वेंधळ्याने चाचणी घेतली असती तर तिला एवढं जमलं नसतं. तू फारच नेमका आहेस."

मी विचारलं, "बाई, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुझ्या सरांना सांगितलं. ऑगस्टमध्ये, त्याच दिवशी. ते म्हणाले, उद्याच पडदा लावतो, झालेल्या चाचण्या परत घेतो. मला वाटलं, लावला."

१७ सप्टेंबर

सर खोलीत एकटेच होते. मी दार लावून घेतलं. असं मी कधी केलं नव्हतं.

"सर, वाचाबाईंनी तुम्हाला पडद्याचं सांगितलं होतं?"

त्यांनी चष्मा काढला. नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. मला ते हवंही होतं.

"सांगितलं होतं."

"मग?"

"बस. फेरी सुरू झाली होती. मधेच पद्धत बदलली असती तर सगळंच फुकट गेलं असतं. आणि पाणी सुकतंय हे खरं आहे, औषध खरं आहे. थोडे आकडे इकडे-तिकडे होतात, प्रत्येक संशोधनात होतात."

"अडतीसांपैकी खरे किती आणि माझ्या मानेचे किती, सर?"

"तू मला शिकवणार?"

"नाही. माहीत नाही म्हणून विचारतो."

"मलाही माहीत नाही," ते म्हणाले. एवढं एक वाक्य ते खरं बोलले.

मी म्हणालो, "सर, भिंगरी माझी भाची आहे. तुम्हाला माहीत होतं. वीसचा आलेख मी तुमच्यासमोर ताईच्या हातात दिला. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत."

"तेव्हा तिचं नक्की काय आहे हे मला माहीत नव्हतं."

"पाचव्या मिनिटाला माहीत झालं. वाचाबाई लगेच आत आल्या होत्या. मी तर बाहेरच उभा होतो."

मग त्यांनी मला चहा मागवला. मी तो प्यालोही. उठून जायला हवं होतं हे मला जिन्यात सुचलं.

१८ सप्टेंबर

मावशींना सांगितलं. त्या भांडी विसळत होत्या. म्हणाल्या, "मी आत बसते बाबा, मला काय ऐकू येतं? पण पोरं तुझ्याकडे बघून टाकतात हे कळत होतं मला."

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"मला वाटलं, खेळ तसाच असतो. शिकलेली माणसं तुम्ही. आणि बोलले असते तर म्हणाले असते, आली मोठी शहाणी." मग नळ बंद करून हळूच, "केसाने गळा कापला रे तुझा त्यांनी. मुलासारखं वागवून."

मी म्हणालो, "माझा नाही, मावशी. गळा दुसऱ्याचाच कापला गेला. हात माझा होता."

२० सप्टेंबर

ताईला सांगितलं. तीन दिवस धीर होत नव्हता. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. वायर काढली ते सांगितलं, अकरा वेळा ते सांगितलं, साठ सांगितलं. सरांना माहीत होतं तेही सांगितलं. मला वाटलं, त्यांचं नाव ऐकून ती त्यांच्यावर चिडेल. थोडं तसं व्हावं म्हणूनच मी ते सांगितलं, हे इथे कबूल करतो.

ती म्हणाली, "मी त्यांना ओळखत नाही. मी तुला विचारलं होतं."

"ताई, मला माहीत नव्हतं गं."

"माहीत नव्हतं तर तसं सांगायचं होतंस. 'मलाही तसंच वाटतं' म्हणालास. तुला खरंच वाटलं होतं?"

मेमध्ये मला काय वाटलं होतं ते मी आत्ता लिहिताना ही वही मागे उलटून पाहिलं. तिथे सरांना काय वाटतं ते लिहिलंय. मला काय वाटतं ते लिहिलेलंच नाही.

"वर्गातली जागा?" तिने विचारलं.

"गेली. डिसेंबरमध्ये एक होईल."

"तोवर ती पाचाची होईल."

मग तिने भिंगरीचा एक छोटा सदरा उचलला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. जेवण वाढलं, बोलली नाही. भाऊजींचा फोन आला, तो माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला.

२४ सप्टेंबर

सरांनी बोलावलं. टेबलावर एक छापील कागद. 'दोन्ही फेऱ्यांत चाचणीच्या वेळी काचेवर पडदा होता.' खाली मावशींचा अंगठा आधीच उठलेला. माझ्या नावापुढे जागा मोकळी.

"सभेतल्या लोकांनी पद्धत विचारली आहे," ते म्हणाले. "नुसती औपचारिकता. तुझ्या कायम नोकरीचा कागदही माझ्याकडेच आलाय. आणि भाचीचं म्हणशील तर यंत्र मी देतो. आजच, सगळ्यात चांगलं."

मी पेन हातात घेतलं होतं, हे लपवणार नाही. चांगलं यंत्र म्हणजे काय ते मला माहीत आहे. कागद तीनदा वाचला. एकही चूक नव्हती. इतका शुद्ध लिहिलेला खोटा कागद मी पहिल्यांदाच पाहिला.

"सर, माझ्या वहीत लिहिलंय. आठ ऑगस्ट. पडदा काढला, सरांच्या सूचनेनुसार."

"वही विभागाची असते," ते म्हणाले आणि त्यांनी खण उघडून दाखवला. माझी वही तिथे होती. "सही नसेल तर मला लिहावं लागेल की अर्धशिक्षित मदतनिसाने नियम न पाळता परस्पर पडदा काढला. मला ते लिहायचं नाही. तुला मी घडवलंय."

मी पेन खाली ठेवलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. मला फक्त ती अडतीस घरं दिसत होती, ज्यांत कुणीतरी आलेख पदराने पुसला असेल.

यादी मला पाठ आहे. प्रत्येक नाव मी स्वतः दोनदा तपासून लिहिलंय. घरी येऊन सगळी नावं आणि पत्ते उतरवून काढले आणि वाचाबाईंना नेऊन दिले. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना परत बोलावते. तुझी नोकरी जाईल, माहीत आहे ना?"

मी म्हणालो, "नावांत चूक नाही, बाई. तेवढं खात्रीने सांगतो."

२७ सप्टेंबर

नोकरी गेली. पत्रात कारण दिलंय: 'चाचण्यांत हलगर्जी.'

हा शब्द बराच वेळ बघत बसलो. दुसरं काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं.

६ ऑक्टोबर

कानाचं यंत्र बसवण्याआधी भिंगरीची पक्की चाचणी हवी होती. ती आज झाली. ताई मला सोबत चल म्हणाली नाही, मी आपणहून मागे गेलो. आत कुणी बसायचं असा प्रश्न आला तेव्हा भिंगरी माझ्याशिवाय बसेना. वाचाबाई म्हणाल्या, "तूच बस तिच्या शेजारी. पण माझा आवाज कधी जातो ते तुला हेडफोनबाहेरही थोडं ऐकू येईल. तिला काहीही कळता कामा नये. काहीही."

पहिल्यांदाच मी काचेच्या आतल्या बाजूला बसलो. समोर निळा पडदा ओढलेला. भिंगरीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला वाटलं, आज खेळ जवळून आहे. ठोकळा कपाळाला लावला आणि माझ्याकडे तोंड करून तयार झाली.

मी जमिनीकडे पाहिलं. श्वास एकसारखा ठेवला. पहिला आवाज गेला, मला बारीकसा ऐकू आला. ती वाट पाहत होती. दुसरा गेला. तिने माझी बाही ओढली. तिसरा. ती खाली वाकून माझ्या डोळ्यांत शिरायला बघू लागली. मी डोळे मिटून घेतले. आवाज मोठे होत गेले तेव्हा कुठे तिने एक ठोकळा टाकला, मग दुसरा. ते तिचे स्वतःचे होते. बाकी सगळा वेळ ती मला हलवत होती. वीस मिनिटं चाललं. शेवटी तिने डबा उचलून भिंतीवर फेकला. स्पंजावर त्याचा काही आवाज झाला नाही.

साठ आणि पासष्ट. या वेळी आलेख खरा आहे.

बाहेर येताच ती ताईकडे धावली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, मामा नको. मामा दे नको." चारच शब्द, ते सगळे तिने वापरले. तिच्या हिशेबी इतके दिवस मामा तिला उत्तर सांगत होता, आणि आज सगळ्यांसमोर त्याने ते दिलं नाही.

ताई माझ्याकडे बघत होती. सोळा दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "तिला सांग तरी, का ते."

मी भिंगरीसमोर गुडघ्यावर बसलो. उजेड माझ्या तोंडावर येईल असा सरकलो. हळू, प्रत्येक शब्द ओठांवर दिसेल असं बोलायला सुरुवात केली. भिंगरी, मामाचं चुकलं.

तिने माझ्या ओठांकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.